केसभर उजवीकडे

"घरात सगळ्यात खणखणीत आवाज कुणाचा?"

आमच्या दारात उभं राहून जोकीमकाकांनी उच्चारलेलं पहिलं वाक्य हे. नमस्कार नाही, "डिश बसवायला आलोय" नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. साठी ओलांडलेला बुटका माणूस. खाकी हाफपँट, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं आणि एक टेस्टर, खांद्याला चामड्याची जुनी बॅग. त्यांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि प्रश्न पुन्हा विचारला.

आमच्या ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सासूबाईंनीही माझ्याकडेच बोट दाखवलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती. मायलेकांचं एखाद्या गोष्टीवर इतक्या झटकन एकमत झालेलं मी प्रथमच पाहत होते.

"ओरडून दाखव," काका मला म्हणाले.

"काय ओरडू?"

"सत्तर."

मी शाळेत शिकवते. पाचवी-ब च्या साठ मुलांना गप्प करायची सवय असलेला आवाज मी लावला. काकांनी डोळे मिटून तो ऐकला, त्यावरूनच माझा पेशा ओळखला आणि मान हलवली. "घशातून येतो, टीचर. पाचव्या मिनिटाला फाटणार." मग ते सासूबाईंकडे वळले. सासूबाई कराडकडच्या. तरुणपणी बांधावरून पलीकडच्या शिवारातल्या माणसाला जेवायला हाक मारायच्या. त्यांनी पदर खोचला आणि असं काही "सत्तर!" म्हणाल्या, की समोरच्या इमारतीतल्या एका बाईने खिडकी उघडून विचारलं, "काय झालं हो?"

"हा आवाज," जोकीमकाका समाधानाने म्हणाले. "पोटातला हाय. बसा टीव्हीसमोर."

ज्यांनी डिशची छत्री बसवताना पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. एक माणूस गच्चीवर छत्री धरून उभा असतो आणि ती हळूहळू फिरवतो. दुसरा खाली टीव्हीपुढे बसून पडद्यावरचा आकडा वर कळवतो. आकडा वाढला की वरचा माणूस तसाच पुढे सरकतो, कमी झाला की मागे येतो. हल्ली हे सगळं मोबाईलवर चालतं. जोकीमकाकांना ते मंजूर नव्हतं. "फोनवरचा आकडा शिळा असतो," असं त्यांचं म्हणणं. "तू खाली सत्तर बोलतेस, ते फिरून माझ्या कानात येईपर्यंत छत्री पुढं गेलेली असते. खिडकीतून ओरडलेला आकडा ताजा." सिग्नल मोजायचं पीं पीं वाजणारं यंत्र त्यांच्या बॅगेत होतं. ते त्यांनी आमच्या गच्चीवर कागद उडू नयेत म्हणून ठेवलं.

तर काका वर, सासूबाई खाली. "चाळीस! पंचावन्न! एकसष्ट! अगंबाई, गेला. परत आला! सत्तर!"

"सत्तर झाले? चालेल की," हे सोफ्यावरून म्हणाले.

हे काही ओरडले नव्हते. पण वरची खुडबुड थांबली. क्षणभराने गच्चीच्या कठड्यावरून काकांचं डोकं उलटं आमच्या खिडकीत डोकावलं.

"चालेल कोण म्हणालं?"

हे वर्तमानपत्रामागे गेले.

"चालेल नाय," डोकं म्हणालं. "बसलं पायजे."

'चालेल' हा शब्द जोकीमकाकांना शिवीसारखा लागतो. त्यांच्या मते रस्त्यातले खड्डे, गळणाऱ्या टाक्या आणि उशिरा सुरू होणारी लग्नं, या सगळ्याचं मूळ त्या एका शब्दात आहे. त्यांचा स्वतःचा लाडका शब्द 'केसभर'. छत्री ते कधी इंचाने हलवत नाहीत, केसाने हलवतात. "केसभर उजवीकडे. अर्धा केस वर." मला एकदा त्यांनी समजावलं होतं, "इथं तू केसभर हललीस की वर आभाळात शेकडो मैल चुकलीस. तिथं काय हाय? काय नाय. काळोख." हे सांगताना त्यांनी वर असं पाहिलं, की मलाही काळोखात चुकल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी ब्याण्णव आल्यावरच ते खाली उतरले. दोन तास लागले. सासूबाईंचा आवाज बसला तो दोन दिवस उठला नाही. त्या दोन दिवसांसाठी मी काकांची कायमची ऋणी आहे.

आम्ही नालासोपाऱ्यात पश्चिमेला राहतो, काका जवळच्या वटार गावचे. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. तीस वर्षं खांबांवर चढण्यात गेली, त्यामुळे जमिनीवर चालताना ते जरा अवघडल्यासारखे वाटतात आणि शिडीवर पाय ठेवला की एकदम मोकळे होतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी छत्र्यांचं काम धरलं. आता घरोघरी वायफाय आलं, मुलं मोबाईलवर काय हवं ते बघतात, छत्र्या गंजत पडल्या. काकांना त्याचं काही नाही. कुणी वायफायचं कौतुक केलं की ते शांतपणे म्हणतात, "वायफाय म्हणजे टँकर. येईल तेव्हा येईल. छत्री म्हणजे आपल्या वाडीतलं बावखल." वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला वसईत बावखल म्हणतात. आणि टँकर म्हणजे काय ते आमच्या सोसायटीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पुढे त्यांची आणि माझी चांगली ओळख झाली. शाळेतला टीव्ही, मुख्याध्यापकांच्या घरचा टीव्ही, बहिणीच्या दिराचा टीव्ही, असं करत मी त्यांना बरीच गिऱ्हाइकं मिळवून दिली. प्रत्येक ठिकाणी आवाजाची परीक्षा झाली. मुख्याध्यापक नापास झाले.

एका घरी तर मी स्वतः हजर होते. बाई रडकुंडीला आल्या होत्या. रोज अकरा ते चार टीव्ही बंद पडतो, चारनंतर आपोआप सुरू होतो. तीन माणसं येऊन गेली, एकाने बॉक्स बदलला, एकाने वायर बदलली. काका गच्चीवर गेले. छत्रीच्या पुढ्यात, तिच्या तोंडावरच, निळी ओली चादर वाळत घातलेली होती. काकांनी ती उतरवली, झटकली, चारी कोपरे जुळवून तिची घडी घातली आणि खाली येऊन बाईंच्या हातात ठेवली. "चादर छान हाय, ताई," ते म्हणाले. "पण तिच्यातून पलीकडचं दिसत नाय."

झाडांवर मात्र ते इतके मऊ नसतात. आमच्याकडे छत्रीचं तोंड आग्नेयेला असतं, त्यामुळे त्या दिशेला वाढणारं प्रत्येक झाड हा काकांचा वैयक्तिक शत्रू. कुठल्या वाडीतला कुठला माड कुठल्या घराच्या आड येणार हे त्यांना तोंडपाठ. रस्त्यात कुणी भेटलं की तब्येत विचारायच्या आधी सांगतात, "तुझा आंबा दोन वर्षांत नडणार हां." एकाने घाबरून आंब्याची फांदी छाटली. तर काका त्याच्यावरच संतापले. "छत्री हलवता येते, बावळटा! आंबा हलवता येतो काय?"

पण मला सांगायचंय ते दर्शनाच्या सामन्याचं.

दर्शना माझी विद्यार्थिनी. कळंबच्या कोळीवाड्यातली. आईबाप लहानपणीच गेले, आजीने वाढवली. आजी, म्हणजे हिराबाय, पहाटे मासळीची पाटी घेऊन निघायची आणि तिच्याबरोबर पोरगी आमच्या शाळेपर्यंत यायची. अभ्यासात बेताची, पण मैदानात उतरली की डोळ्याला सापडायची नाही. आमच्याकडे खेळाचे सर नव्हते, म्हणून कबड्डीचे सामने असले की तिच्याबरोबर मी जायचे. कबड्डीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मी पाण्याची बाटली धरायचे आणि ओरडायचे.

ती पोरगी यंदा राज्याच्या संघात निवडली गेली. संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. रविवारी चार वाजता सामना, तोही टीव्हीवर. आणि रविवारी अडीच वाजता मला हिराबायचा फोन.

"बाई, टीवी दिसत नाय वो."

"काय होतंय?"

"काय नाय होत. निळा निळा दिसतंय. दर्याचं पानी जसं."

त्यांच्या आळीतली केबलची तार आठवड्यापूर्वी झाड पडून तुटली होती. मोबाईलला तिथे एक दांडी रेंज यायची, तीही भिंतीवर चढून. आख्ख्या आळीत चालू होण्यासारखी एकच गोष्ट उरली होती. ती म्हणजे हिराबायच्या घरावरची, खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली छत्री.

"नातीला बघायचं होतं वो एकदा," हिराबाय म्हणाली. "तिला मोठ्या मैदानात मी कधी बघितलीच नाय. बाजार सोडून कशी जानार?"

मी जोकीमकाकांना फोन लावला. त्यांची स्कूटर दुरुस्तीला गेली होती, म्हणून मी माझी स्कूटी घेऊन वटारच्या वळणावर गेले. ते बॅग घेऊन उभेच होते, शर्टाला इस्त्री. मागे बसले आणि कळंबपर्यंत रस्त्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. सगळं लक्ष छपरांवर. "ती बघ, मान मुरगळलीये. ती सरळ हाय, मीच बसवली. अरेरे, या गृहस्थाने छत्रीत कबुतरं पाळलीत. टीचर, हळू घे, त्या हिरव्या घराचं मला बघू दे."

"काका, सव्वातीन झाले!"

"मग बघत बघत जोरात चल."

आम्ही पोचलो तेव्हा हिराबायच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आख्खी आळी जमली होती. टीव्हीला हार घातलेला. पडदा निळाशार. हिराबाय टीव्हीसमोर नवं पातळ नेसून पाटावर बसली होती आणि तिला तिथून हलवायची कुणाची टाप नव्हती. त्यामुळे आवाजाच्या परीक्षेचा प्रश्नच आला नाही. शिवाय चाळीस वर्षं बाजारात मासळी विकलेली ती बाई. काकांनी तिचं "या वो!" ऐकलं आणि आदराने मान लववली.

काका शिडीवरून स्लॅबवर गेले. मी खिडकीखाली मध्यस्थ म्हणून उभी राहिले.

"आकडा सांगा!" वरून हाक आली.

आत सगळे हिराबायकडे पाहायला लागले.

"आजी, आकडा सांगा काय दिसतो तो," मी म्हटलं.

"बाई, मला आकडे वाचता येत नाय," हिराबाय म्हणाली. "इंग्रजी तर नायच नाय."

"कुणीतरी दुसरं सांगा मग!" असं मी म्हणाले आणि एकदम पंधरा जण ओरडायला लागले. कुणी वरचा आकडा सांगतोय, कुणी खालचा, कुणी वाहिनीचा नंबर. वरून काकांची गर्जना आली, "एकच आवाज! आजींचा!"

हिराबायने क्षणभर विचार केला. पडद्यावर सिग्नलची एक पट्टी असते, ती लांब-आखूड होते. तिने पट्टीकडे निरखून पाहिलं आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "मांदेली!"

काका गोंधळले. "काय?"

"पट्टी! मांदेलीएवढी हाय!"

मांदेली म्हणजे बोटभर मासळी. मला वाटलं, झालं, आता हा माणूस रागावून खाली उतरतो. आकड्यांवर जगणारा माणूस. ब्याण्णव आणि त्र्याण्णव यांतल्या फरकासाठी त्याने आमच्या सासूबाईंचा घसा बसवला होता. पण मग वर नटबोल्ट करकरले आणि काकांनी विचारलं, "आता?"

"बोंबील!"

"आता?"

"बांगडा! बांगडा झाला! नाय, परत बोंबील!"

"केसभर उजवीकडे घेतो. आता?"

"बांगडा. मोठा बांगडा. आनि... सुरमई! सुरमई आली वो!"

निळा पडदा थरथरला, चौकटी चौकटी झाल्या, त्यातून कुणाचा तरी अर्धा चेहरा दिसला आणि सगळी आळी ओरडली. पोरं नाचायला लागली. "चालेल, चालेल! राहू द्या!" कुणीतरी म्हणालं.

मी डोळे मिटून घेतले.

"चालेल नाय!" वरून आलं. "सुरमई चालेल नाय! घोळ पायजे!"

घोळ हा सुरमईहून केवढा मोठा मासा असतो हे कोळीवाड्यात कुणाला सांगायला नको. काका केस केस सरकत राहिले. चार वाजायला सात मिनिटं असताना हिराबाय पाटावरून उठून उभी राहिली. "घोळ!" ती म्हणाली. "पुरी घोळ!"

पडद्यावर हिरवंगार मैदान, दिवे, आणि ओळीने उभ्या मुली. डावीकडून तिसरी आमची दर्शना.

त्याच क्षणी वर काहीतरी खाडकन तुटलं आणि पडदा पुन्हा निळा झाला.

मी धावत शिडी चढले. छत्रीच्या मागची पकड गंजून पोकळ झाली होती. बोल्ट आवळताना ती दुभंगली. नवा पत्रा लावायला वेळ नव्हता, रविवारी दुकान उघडं नव्हतं. दोन कोळी वर आले, त्यांनी जाळ्याच्या दोरीने छत्री खांबाला अशी आवळली, की वादळातही हलणार नाही असं वाटावं. पण समुद्रावरून भन्नाट वारा सुटला होता. छत्री इंचभर हलत नव्हती. केसभर मात्र हलत होती. आणि तेवढ्याने खाली घोळीचा बोंबील होत होता.

काकांनी छत्रीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या, छत्रीच्या मागे उभे राहिले, दोन्ही हातांनी तिची कड धरली आणि छाती टेकवली.

"आता?" त्यांनी विचारलं.

"घोळ!" खालून आलं.

"ठीक हाय," काका म्हणाले. "आता मी हलत नाय."

आणि ते हलले नाहीत. पाऊण तास. सामन्याचे दोन्ही डाव आणि मधली सुट्टी. ऊन मानेवर भाजत होतं, म्हणून मी खालून एक खरीखुरी छत्री मागवली आणि ती त्यांच्या डोक्यावर धरून उभी राहिले. आमच्या दोघांच्या पाठीमागे समुद्र, पुढ्यात माडांचे शेंडे. सामना आम्हाला दिसत नव्हता. ऐकू मात्र सगळा येत होता. खाली "ऊऽऽ" झालं की समजायचं, कुणीतरी निसटलं. "हाय रे" झालं की आपली पकडली गेली. आणि मधूनच हिराबायचा एकटीचा आवाज: "पाय बघ तिचा! पाय बघ!"

"काय झालं असेल?" काका पुटपुटायचे.

"बहुतेक दर्शनाची चढाई."

"कितींना मारलं?"

"दोन असतील."

"तीन," काका म्हणायचे. "आवाज तिनाचा हाय."

त्यांची बोटं छत्रीच्या कडेवर पांढरी पडली होती. मी म्हटलं, "काका, मी धरते थोडा वेळ." ते म्हणाले, "तुझी उंची वेगळी. तू धरलीस की केसभर वर जाईल." घाम नाकावरून ओघळत होता, तो त्यांना पुसता येत नव्हता. मी माझ्या ओढणीने पुसला. ते जरा लाजले. मग म्हणाले, "खांबावर असताना एकदा गांधीलमाशी चावली होती. तेव्हापण हात सोडला नव्हता. कुणाचा तरी दुबईवरून फोन चालू होता."

शेवटची काही मिनिटं खालून काहीच आवाज येईना. एवढी माणसं आणि एवढी शांतता. काका कुजबुजले, "गेला काय सिग्नल?" मी मान हलवली. मला काय माहीत होतं? आणि मग घर फुटल्यासारखं झालं. थाळ्या वाजल्या, कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, आणि त्या सगळ्याच्या वर हिराबाय रडत होती. मोठ्याने, मोकळेपणाने, बाजारातल्या आवाजात.

"जिंकल्या," काका म्हणाले.

एका गुणाने. हे आम्हाला खाली गेल्यावर कळलं. हिराबायने काकांचे दोन्ही हात हातात घेतले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. "दिसली वो," एवढंच ती म्हणत राहिली. "माझी बाय दिसली." काका अवघडून उभे होते. शेवटी म्हणाले, "पुढच्या रविवारी येतो. नवीन पत्रा लावतो. ही काय पद्धत नाय, माणूस धरून ठेवायची."

परतताना त्यांनी एकाही छपराकडे पाहिलं नाही. वटारच्या वळणावर "बस, इथंच सोड" म्हणाले. पण उतरल्यावर बॅगेचा पट्टा त्यांच्या हातात राहीना. बोटं आखडली होती, धड मिटत नव्हती की उघडत नव्हती. बॅग दोनदा खाली पडली. मी ती उचलली आणि म्हटलं, "चला, घरापर्यंत येते." ते नको नको म्हणाले. मग पुढे चालायला लागले.

केळीच्या बागेतून वाट होती. बैठं कौलारू घर, अंगणात फुलं वाहिलेला क्रूस. ओटीवर खुर्चीत एक बाई बसली होती. पांढरे केस नीट विंचरलेले, अंगात फुलाफुलांचा गाऊन. जवळ बसलेली शेजारीण आम्हाला पाहून उठली, "आता चहा घेतला त्यांनी," असं काकांना सांगून गेली.

"ही फिलोमिना," काका म्हणाले. "आणि ही टीचर, फिलू. नालासोपाऱ्याची."

काकींनी माझ्याकडे पाहून छान हसून मान हलवली. मी बॅग ठेवायला आत गेले. भिंतीवर टीव्ही अडकवायची लोखंडी चौकट होती, टीव्ही नव्हता. वायरचं तोंड टेपने नीट गुंडाळून ठेवलेलं होतं. बाहेर येऊन मी वर कौलांकडे पाहिलं. पाच गावांतल्या छत्र्या सरळ करणाऱ्या माणसाच्या घरावर छत्री नव्हती.

माझी नजर काकांनी पाहिली असावी. ते पायरीवर बसून बोटं चोळत होते. आवाज खाली घेऊन म्हणाले, "दोन वर्षं झाली, काढला. तिला आता कळत नाय ना. बातम्या देणारा माणूस घरात आलाय असं तिला वाटायचं. मग ती त्याला ताट वाढायची. तो आपला बोलतोय. ही म्हणायची, जेव रे बाबा आधी, मग बोल. तो जेवायचा नाय." ते जरा हसले. "मालिकेतल्या माणसांना तर सात-सात ताटं. कुणीच हात लावायचं नाय. एक दिवस रडायला लागली. म्हणाली, आपल्या घरातून सगळे उपाशी जातात."

काकी केळीच्या पानांकडे पाहत होत्या.

"म्हणून मग मीच सांगतो तिला," काका म्हणाले. "कुणाकडे काम झालं की पाच मिनिटं उभा राहून बघतो, काय चाललंय ते. घरी येऊन सांगतो. मी सांगितलं की माणसं घरात येत नाय. गोष्टीतच राहतात."

तेवढ्यात काकींनी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी विचारलं. ती बोली मला निम्मीच कळते. पण "कुठे होतास?" हे कळलं.

काका उठले. मघाशी ज्यांची बोटं मिटत नव्हती ते जोकीमकाका अंगणात मधोमध उभे राहिले, गुडघे वाकवले, हात पसरले आणि सामना सांगायला लागले. दर्शनाने इथून पाय टाकला, तिकडच्या दोघी अशा धावल्या, एकीने कंबर धरली, पण पोरगी वाकली, सुटली, रेषेला हात! लाल जर्सी होती, केसांना पिवळी फीत होती. खरं तर त्यांना यातलं काहीच दिसलेलं नव्हतं. मलाही नव्हतं. काकी तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. पकड झाली की दचकत होत्या, सुटली की हसत होत्या.

मध्येच त्या माझ्याकडे वळल्या. "तू बघितलीस?" हे त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं.

काका दम खात थांबले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बघितली ना," मी म्हणाले. "लालच जर्सी होती."

काकींनी विचार केला. "मग? खेळून झाल्यावर जेवली का ती?"

"पोटभर जेवली, काकी. मी स्वतः वाढलं तिला."

काकी खुर्चीत मागे टेकल्या. चेहरा शांत झाला. काका पायरीवर येऊन बसले, मीही निघायला म्हणून हेल्मेट उचललं. दोन-तीन मिनिटं गेली असतील. केळीत कुठेतरी पाखरं कलकलत होती.

"जोकीम," काकी म्हणाल्या, "कुठं होतास रे तू इतका वेळ?"

"कळंबला," काका म्हणाले आणि तितक्याच उत्साहाने पुन्हा उठून उभे राहिले.

या वेळी दर्शनाने पहिल्याच चढाईत चौघींना बाद केलं. मी हेल्मेट खाली ठेवलं आणि पायरीवर बसून राहिले.